मशीन सुटेल, असं मी म्हटलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पनवेलच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट चार तास मशीनला जोडलेला असतो. सुया टोचलेला हात हलवायचा नाही — पण पाय मोकळे असतात. त्या पायांकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. पलंगाच्या पायथ्याशी छोटं पेडल लावायचं आणि झोपल्या झोपल्या ते फिरवायला सांगायचं. फायदा होतो. पायांत गोळे येणं कमी होतं, अंगात थोडी ताकद राहते, माणूस कुणाचा हात न धरता जिना चढतो. एवढं सांगणं पुरेसं होतं. नव्हतं का?

पण सुरुवातीला कुणी पायच हलवेना. रक्त बाहेर फिरतंय आणि ही बाई सायकल चालवायला सांगतेय — असं बघायचे माझ्याकडे. मी पेडल उचलून या पलंगाकडून त्या पलंगाकडे जायचे. डॉक्टरांनी मला नुसतं करून बघू म्हणून ठेवलं होतं. एक जरी पेशंट तयार झाला तर नोकरी टिकेल, असं सारखं मनात यायचं.

तयार झाले ते धर्माकाका. उरणकडच्या गावातले. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवण्यात आयुष्य गेलेलं. आता मांड्या इतक्या सुकल्या होत्या की पॅन्ट पिशवीसारखी लोंबायची. पेडलकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्या केला तर मशीन सुटंल का?"

"सुटेल ना काका," मी म्हणाले. "मन लावून करा."

झालं. एवढंच बोलले मी. किडनी गेली की पेडल मारून परत येत नाही, हे मला शिकवलेलं होतं. धीर द्यायला बोलले — असं स्वतःला कितीदा सांगितलं असेल! पण त्या क्षणी मला त्यांच्या धीराची काळजी नव्हती. मला माझा पहिला पेशंट हवा होता.

आणि काका चालवायला लागले. काय चालवायचे! त्यांचं बघून शेजारच्या पलंगावरचे चाचा लागले, मग बाकीचे. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. नोकरी पक्की झाली.

पुढचं सांगताना मात्र — थांबावंसं वाटतं.

काकांची बायको, यमुनाकाकी, त्यांना किडनी द्यायला तयार होती. तपासण्या झाल्या होत्या, जुळत होतं. आणि काका नाही म्हणाले. डॉक्टरांना एवढंच सांगितलं, की बायकोला कापायचं नाही. खरं कारण काकीने मला सांगितलं, बाहेरच्या बाकावर बसवून.

"मॅडम, ते बोलतात, मशीन सुटनार हाय, मंग तुजी किडनी कशाला काढू? खरा हाय का? तुमी बोलाल तसा करीन."

तिने विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं म्हणता येईल, पण या वेळी? दार उघडं होतं, आत डॉक्टर राउंडला आलेले. खरं सांगितलं तर काकी तशीच उठून त्यांच्याकडे जाणार आणि मी काकांना काय सांगितलं होतं ते बाहेर येणार, हे मला दिसत होतं.

"घाई करू नका काकी," मी म्हणाले. "पायांत किती फरक पडलाय बघा. थोडं थांबू या."

ती थांबली. पुढे पुन्हा विषय निघाला तेव्हा परत तपासण्या केल्या, तर तिला साखर निघाली. आता तिची किडनी घेता येणार नव्हती. दुसरं देणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर एकदा पेडलचा पट्टा बांधत होते, तेव्हा काका हळूच म्हणाले, "नाय सुटायची ना मशीन?"

मी मान खाली घालून पट्टा बांधत राहिले. त्यांनी दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाले, "तिला नका बोलू. तुमाला लय मानते ती."

आणि पाय फिरवायला लागले. माझ्याकडे न बघता. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं का? माहीत नाही. त्या दिवसापासून पेडलचा आवाज ऐकला की मी खोलीत असूनही नसल्यासारखी होते. रोज ऐकते.

काका घरीच गेले, झोपेत. बारावं-तेरावं आटोपल्यावर काकी सेंटरमध्ये आली, सगळ्यांना भेटायला. मला बाजूला घेऊन रडली. म्हणाली, "मीच चुकले, मॅडम. ते नाय बोलले तरी मी जोर कराया पायजे होता. मीच त्यांना मारला. तुमी तरी किती केलात."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला पाणी दिलं. रिक्षापर्यंत सोडायला गेले. इतका वेळ होता, इतकी वाट होती — आणि मी एक शब्द बोलले नाही. रिक्षात बसल्यावर तिने माझा हात कपाळाला लावला. मी लावू दिला.

ती अजून त्याच गावात राहते. नवऱ्याला आपणच मारलं, असं समजून.