आत्याचं इरजण

आत्या वासावरून सांगायची, माती जिवंत आहे की मेलेली. मूठभर माती नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "मेली हाय," असं म्हणाली की ती माती रोपांच्या पिशवीत जायची नाही. विषय संपला.

तेव्हा आमच्या घरात पगार एकच होता, तोही आत्याचा. बाबा भैंशाला जिनिंगमध्ये होते. कापसाची भुकटी छातीत बसली आणि ते घरी बसले. आई रोजानं निंदायला जायची, पण निंदण काही बारा महिने नसतं. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, जैनथजवळच्या आमच्या गावात पंचायतीच्या नर्सरीत रोपं वाढवायची. तिच्या कामावर घर जेवायचं आणि मी आदिलाबादला बी.एस्सी. शिकायची. आमच्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी अभिमानानंच सांगते.

नाल्याकाठी एक जुनी सीताफळी होती. तिच्या बुडची माती आत्या बारीक मुळ्यांसकट टोपल्यात आणायची आणि प्रत्येक पिशवीत चिमूटभर टाकायची. या मातीला ती 'इरजण' म्हणायची, दुधाला लावतात तेच. सोबतच्या बायका चिडवायच्या, "काय वं आक्का, दही लावून राह्यली का?"

"हो. ताक न्याले ये उद्या. पण गंज-भांडं घरून आण."

मग नर्सरीवर नवे साहेब आले. तेलुगू आणि हिंदी बोलणारे, माणूस वाईट नव्हता. टोपलं पाहताच म्हणाले, "वद्दु अम्मा, वद्दु! मत डालो! इस मिट्टी में फंगस है." मी तिथंच उभी होते. आत्यानं मला विचारलं, "फंगस म्हंजे काय वं?" मी म्हटलं, "बुरशी." तिनं आपल्या हिंदीत साहेबांना उत्तर दिलं, "दूध में इरजण नहीं डाले तो दही कायका लगता?" साहेबांना इरजण काही कळलं नाही. त्यांनी सगळ्या वाफ्यांना बुरशीनाशक पाजायचा हुकूम दिला.

आत्यानं टाकीमागचे दोन वाफे अडवले. "ये दो मेरे. बरड पे ये मर गये तो मेरेकू काम से निकालो." बरड म्हणजे गावामागचा मुरमाड माळ. सीताफळाची ही रोपं तिथंच लागायची होती आणि आजवर तिथं लावलेलं एकही झाड जगलं नव्हतं.

आईनं कपाळाला हात लावला. "बाई, पोरीचं कॉलेज हाय ना! काऊन अडून बसल्या?"

"कॉलेज बी होईन अन् झाडं बी होतीन. तू भाकर टाक."

मी दोन्हीकडच्या रोपांच्या मुळ्या डबीत घालून कॉलेजला नेल्या. मॅडमनी त्या उकळून निळ्या रंगात बुडवायला लावल्या. सूक्ष्मदर्शकाखाली साहेबांच्या रोपांच्या मुळ्या कोऱ्या निघाल्या. आत्याच्या मुळ्यांत निळे धागे पसरले होते आणि पेशीपेशीत इवली झुडपं उभी होती. मॅडम म्हणाल्या, "हा मायकोरायझा. ही बुरशी झाडाची साखर खाते आणि लांबच्या मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, त्याला आणून देते." पुस्तकात मी हे वाचलं होतं, पण आमच्या घरात ते राहतं हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आत्यालाच घेऊन गेले. प्रयोगशाळेच्या दारात तिनं चपला काढल्या. खूप वेळ डोळा लावून पाहिलं आणि ओरडली, "झाडाच्या पोटात झाड हाय वं!" वर्गातली पोरं हसली. आत्या वळून म्हणाली, "हासता काय? तुमाले दिसलं होतं का आधी?"

पावसाळ्यात सगळी रोपं बरडावर लागली. दिवाळीपर्यंत साहेबांच्या रोपांची पानं स्फुरदाविना जांभळी पडली, वाढ जागच्या जागी. आत्याच्या ओळी गुडघ्याला आल्या. साहेब आले, उकिडवे बसले, दोन्हीकडचं एकेक रोप उपटून मुळ्या पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "अम्मा, वो मिट्टी कहाँ से लाते तुम?"

"आता काऊन इचारता?" आत्या मराठीतच म्हणाली आणि रिकामं टोपलं त्यांच्या हातात दिलं. "चला."

साहेब टोपलं घेऊन तिच्या मागं नाल्याकडे गेले. आत्याचं काम राहिलं. मी पदवीधर झाले आणि आता शाळेत जीवशास्त्र शिकवते. आत्यानं वय झाल्यावर नर्सरी सोडली. यंदा बरडावरच्या झाडांना पहिल्यांदा सीताफळं लागली.