धोरणी बाई

बी.एड.चा निकाल नुकताच लागला होता. एम.एड.ला मानसशास्त्र घ्यावं की शैक्षणिक धोरण, यावर मी आणि माझा मित्र दौंड स्टेशनात तावातावानं भांडत होतो. मानसशास्त्रवाल्याला निदान कॉलेजात नोकरी होती. धोरणवाल्यानं पुढं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी फडकं सोडून जेवायला बसली होती. घास घेण्याआधी तिनं अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर चटणी ठेवली आणि गुंडाळून कमरेला ओच्यात खोचली. मगच उरलेल्या अर्धीला हात लावला.

आमचं ऐकून ती हसली. “धोरन शिकाया कालेज अस्तंय व्हय? आमच्यात नुसतं म्हंत्यात, अमकी बाई लई धोरनी हाय. तिला शिकिवत न्हाई कुनी.”

“मग ती करते काय, आजी?”

तिनं ओचा चाचपला. “नात हाय घरी, शेरडांमागं. ती हितं न्हाई म्हनून तिला भूक न्हाई व्हय?”

“शाळेत नाही जात?”

“शाळा भरती तवाच शेरडं बी सुटत्यात.”

गाडी आली. ती बायकांच्या डब्याकडं निघून गेली.

मी धोरण घेतलं. परीक्षेत धोरणाची व्याख्या विचारली तेव्हा पुस्तकातलीच लिहिली. मार्क तिलाच होते. पण अजूनही शिक्षण खात्याच्या एखाद्या बैठकीत पटावरच्या मुलांची चर्चा संपत आली, की माझा हात उगाच कमरेकडं जातो.