कुसुममावशीला ठिपकेच पाहिजेत

मंडळी, आज सकाळी दूध सोसायटीनं पाण्याचा टँकर पाठवला. रांगेत मोबाइलवर बातमी दिसली: मेंदूत तारा बसवून हलका करंट दिला, की आंधळ्यालाही उजेडाचे ठिपके दिसतात. मागं कुसुममावशी उभी होती. तिची नजर गेलेली, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवली.

"आधी मोटारीला करंट येऊ द्या!" कुणीतरी ओरडलं. सगळे खदखदून हसले.

मावशी हसली न्हाई. म्हणली, "दर माणसामागं एक ठिपका दिसला तरी लई झालं. माझ्या पुढं कोन घुसतंय, ते तर कळंल."

पुढं माझीच घागर होती. मी तिच्यानंतर आलतो. आवाजावरनं तिनं वळखलंच असंल.

घागर मागं घेतली का, ते विचारू नका. तुमी घेतली असती का, तेवढं सांगा.