डाव्या डोळ्याचे सात मिलिमीटर

सावली गावाकडच्या एका कारखान्यात मी तयार मालाची मापं तपासतो. त्यामुळे तोंडात फोड यायला लागले तेव्हा मी घाबरलो नाही, वही केली. किती फोड, कुठे, किती दिवस टिकले. हिरड्यांची सालं निघत होती, पोळी वरणात बुडवून गिळत होतो, पण वही सुरेख होती.

त्वचेच्या डॉक्टरांनी तोंडातला तुकडा काढून तपासायला पाठवला. शरीराची राखणदार फौज स्वतःच्याच अस्तरावर उलटली आहे, असं निघालं. आमच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने मालकालाच बडवावं, तसं.

"डोळे लाल झाले, खुपले, तर लगेच सांगा," गोळ्या लिहून देताना डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली.

दोन महिन्यांनी डोळे लाल झाले. मी दुसरी वही केली. तोंड एक विभाग, डोळे दुसरा. एकाची नोंद दुसऱ्यात घालायची नाही, ही नोकरीची सवय. शिवाय आमच्या निजामपुऱ्यातल्या समोरच्या गुजराती बेन दारातूनच म्हणाल्या, "भाई, आंख आवी छे, गुलाबजळ नाखो!" म्हणजे डोळे आलेत, गुलाबपाणी घाला. मग काय, माझा नॅपकिन वेगळा, उशी वेगळी. लोकांचे डोळे येतात आणि आठवड्यात जातात. माझे मुक्कामालाच आले होते.

पुढे पापण्यांचे केस आत वळून टोचू लागले. दर रविवारी बायको चिमट्याने उपटायची. "हलू नका, नाहीतर भुवई काढीन." नोंद: डावा डोळा तीन, मग पाच, मग आठ. पण काळजी कसली? रोज सकाळी गॅलरीतून मी फरसाणवाल्याची पाटी फोन नंबरासकट वाचत होतो. नजर उत्तम.

एकदा गॅसच्या बुकिंगचा नंबर लिहायला कोरं पान शोधताना दोन्ही वह्या बायकोच्या हाती लागल्या.

"अहो, ही दोन वेगळी माणसं आहेत का? तोंड बिघडलं त्याच आठवड्यांत केस जास्त निघालेत. डॉक्टरांना सांगितलंत?"

"लिहून ठेवलंय की."

"वही औषध देणार आहे का? आणि ती पाटी रोज वाचता, की पाठ म्हणता?"

दुसऱ्याच दिवशी तिने मला रिक्षात घालून रावपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खालची पापणी ओढून बारीक पट्टी लावली. पापणीच्या आत एक खिसा असतो, ज्यात आपण थेंब टाकतो तो. त्याची खोली उजवीकडे अकरा मिलिमीटर, डावीकडे सात. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पापणी बुबुळाकडे ओढणारे व्रणाचे दोरे धरले होते.

"पण मला लांबचं दिसतं," मी म्हणालो.

"नजर शेवटी जाते. आधी हे चिकटतं, मग डोळा कोरडा पडतो, मग बुबुळ खरवडतं. केस उपटून फक्त टोचणं थांबतं."

"सातचे परत अकरा होतील?"

"नाही. सातावर थांबवू या. नाहीतर हा डोळा जाईल."

आयुष्यभर मी चार मिलिमीटर कमी भरलेला माल बेधडक परत पाठवला. हा कुठे पाठवणार?

त्यांनी माझ्यासमोरच त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला. फौजेला आवर घालणाऱ्या गोळ्या वाढल्या आणि त्यासाठी रक्ताच्या तपासण्याही. तीन महिन्यांनी परत पट्टी लागली.

"सात."

"सातच ना? साडेसहा नाही?"

"पट्टी तुमच्या हातात देऊ का?"

बाहेर बाकावर बायको बसली होती. "किती?"

"सात."

तिने पर्स उघडली, रुमाल काढला, काही न करता परत आत ठेवला. "चला, रिक्षा बघा," म्हणाली.

आता वही एकच आहे. डाव्या पानावर तोंड, उजव्या पानावर डोळे. समोरच्या बेनना माझा आजार पटत नाही, गुलाबजळ पटतं. रविवारचा चिमटा चालूच आहे. परवा दोनच केस निघाले.

"बस, दोनच?" बायको म्हणाली. जरा हिरमुसलीच.