थांबायचं राहिलं

सुमनवन्संनी मला सायकल शिकवली. आज पंक्चरच्या दुकानापाशी सोल्युशनचा वास आला आणि अंजूरचं आमचं खळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

सातवीत माझी शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन मी साताऱ्याकडून इतक्या लांब, अंजूरला सासरी आले. धाकट्या नणंदेला, म्हणजे वन्संना, भिवंडीच्या शाळेत जायला सायकल मिळाली होती. सासूबाईंनी बघितलं तर ती काढून घेतील, मग त्यांची शाळाही सुटेल, या धास्तीनं मी सारखी मागे वळून बघायचे. वन्सं मात्र कॅरिअर धरून मागे पळायच्या. "वयनी, पुढं बग! माज्याकडं न्हाय!"

एका दुपारी त्यांनी हात सोडला आणि मी चक्क चालवू लागले. पण उतरायचं कसं, ते शिकायचंच राहिलं होतं! मी खळ्याला गोल गोल फिरत राहिले. तेवढ्यात समोर सासूबाई. घाबरून मी थेट पेंढ्यात घुसले.

"सुमे," सासूबाई पदरात हसू दाबत म्हणाल्या, "शिकवतेस तं पुरं शिकव. थांबवायला काय मी येऊ?"

वन्संची सायकल वाचली, शाळाही सुटली नाही. माझ्या हौसेसाठी त्या पोरीनं केवढी जोखीम घेतली होती, ते आता कळतं.

हल्ली वन्संचे गुडघे धरलेत. मी नातीकडून बॅटरीची स्कूटर शिकतेय. एक दिवस वन्संना मागे बसवून खाडीपर्यंत फिरवून आणीन. या वेळी आधी थांबायला शिकलेय.