एर्मिनियाची घडी

एर्मिनिया बाएसाने आमच्या लॉजमधले बिछाने जन्मभर घातले, पण त्यातल्या एकाच्याही काठावर ती कधी टेकली नाही. पाठ अगदीच धरली, तर बादली उपडी घालून तिच्यावर बसायची.

"अगं, खुर्च्या आहेत की समोर," मी म्हणायचे.

"त्या पाहुण्यांच्या."

मी चोना. लॉजच्या मागे धुण्याची खोली आहे, तिथली यंत्रं माझ्या ताब्यात. सगळ्या डोंगराचं मळकं माझ्याकडे येतं, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एर्मिनिया त्याला अपवाद होती. होती म्हणते, कारण मधे काही दिवस नव्हती.

आमचं लॉज टेक्सासच्या पार पश्चिमेला, वाळवंटातून वर आलेल्या डोंगरांच्या कुशीत, सरकारी उद्यानात आहे. मंदीच्या काळात बांधलेलं, सगळं कच्च्या विटांचं. त्या विटा पाडणाऱ्यांत एर्मिनियाचा बाप होता. लोक दूरदूरून येतात, जाड पांढऱ्या भिंतींवरून हात फिरवतात आणि आत किती गार आहे म्हणून कौतुक करतात. खाली गावात आम्हा मेक्सिकन लोकांची घरंही त्याच मातीची आहेत. तिथे हात फिरवायला अजून कोणी आलेलं नाही.

पाण्याची आमच्याकडे नेहमीचीच बोंब. म्हणून दोन पलंगांच्या खोलीत ज्या पलंगावर कोणी झोपलंच नाही, त्याच्या चादरी काढायच्या नाहीत, असा नियम आहे. आता झोपलं की नाही हे ओळखायचं कसं? पाहुणे काय, नुसते लोळून उठतात आणि वरून चादर सारखी करतात. त्यावर एर्मिनियाने तोड काढली होती. ताजा बिछाना घातला, की पायाकडच्या, भिंतीच्या बाजूच्या कोपऱ्यात ब्लँकेट आत दुमडायचं, मक्याच्या पानात गुंडाळलेल्या टामाल्याचं टोक दुमडतात तसं. पाहुण्याला ते दिसत नाही. त्याने ब्लँकेट अंगावर ओढलं, की घडी सुटते. घडी शाबूत म्हणजे बिछाना ताजा, हात लावू नका. हे कुठे लिहिलेलं नाही, ऑफिसातल्या कोणाला माहीत नाही. आम्ही बायका तिला एर्मिनियाची घडी म्हणतो.

ती निवृत्त झाली तेव्हा तिने तिच्या जागी देल्फिनाला, म्हणजे आमच्या फीनाला, चिकटवलं. या फीनाला बाप्तिस्म्याच्या दिवशी एर्मिनियाने हातांवर धरलं होतं, म्हणून फीना तिला माद्रीना म्हणते, आईच्या वरचा मान देते. नवरा सोडून गेल्यावर फीना घरी बसून होती. पण लॉजचं नाव काढताच तिने नाक मुरडलं. "लोकांच्या घाणीत हात घालू मी?"

मी तिथेच होते. एर्मिनिया कडाडली, "कामाची कसली लाज गं? मी जन्मभर केलं, माझं काय झडलं?"

दुसऱ्या दिवशी फीना कामावर आली. हात चांगला होता पोरीचा. पण नोकरी अजून कच्ची होती. महिनाअखेर कागद पक्का व्हायचा होता.

त्याच महिन्यात एर्मिनिया सत्तर वर्षांची झाली. तिची लेक नॉर्मा टेक्सासमधल्याच ओडेसा शहरात बँकेत असते. तिने आईला न विचारता लॉजमधली एक खोली घेतली, दोघींसाठी, एका रात्रीची. "आई, या खेपेला तू पाहुणी."

एर्मिनियाने शंभर सबबी सांगितल्या. गुडघे दुखतात, कोंबड्यांना कोण बघणार, परक्या उशीवर झोप येत नाही. नॉर्माने एक ऐकली नाही. आम्हाला कळलं तेव्हा स्वयंपाकघरात हसून हसून पुरेवाट झाली. "बिछान्यावर झोपायची नाही ती," मी म्हटलं. "रात्रभर बादलीवर बसेल बघा." फीना सगळ्यात जास्त हसली.

ती आली तेव्हा चर्चला जायचा निळा झगा घातलेला, केस ताणून बांधलेले, आणि पुढच्या दारातून पाय आत टाकताना चेहरा असा, की जणू चोरी करायला आलीय. फीना टॉवेल घेऊन खोलीवर गेली, तर हिने ते तिच्या हातातून ओढूनच घेतले. "दे इकडे. तू जा."

"माद्रीना, आज तुम्ही बसायचं."

"बसते गं, बसते. तू जा ना."

संध्याकाळी ती व्हरांड्यात कोरीव खुर्चीच्या अगदी टोकावर टेकली होती. समोरच्या ओढ्यातून रानडुकरं पिलांना घेऊन चालली होती, सगळे पाहुणे कठड्याशी जमून बघत होते. तेवढ्यात एक म्हातारी गोरी बाई तिच्यापाशी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "अहो, आमच्या खोलीत अजून दोन टॉवेल द्याल का?"

नॉर्मा लालबुंद झाली. ती काही बोलणार, तोवर एर्मिनिया उठलीसुद्धा. माझ्या खोलीत आली, टॉवेल उचलले, बाईंना नेऊन दिले आणि परत येऊन बसली. मला खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तेवढा वेळच तिचा चेहरा मोकळा दिसला.

"आई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं," नॉर्मा दबक्या आवाजात म्हणाली.

"तुला का? टॉवेल मी दिले."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मायलेकी निघून गेल्या. फीना खोली आवरायला गेली. नॉर्माचा पलंग म्हणजे उकिरडा. दुसरा पलंग मात्र कडक ताणलेला, एक सुरकुती नाही. फीनाने वाकून पायाकडचा कोपरा चाचपला. घडी शाबूत होती. तिला हसूच आलं. खरंच खुर्चीत झोपली वाटतं म्हातारी, असं मनात म्हणत तिने नॉर्माच्या पलंगाच्या चादरी काढल्या, आणि नियमाप्रमाणे दुसऱ्याला हात लावला नाही.

संध्याकाळी त्या खोलीत डॅलसचं एक जोडपं उतरलं. तासाभरात त्यातली बाई एक उशी दोन बोटांत धरून ऑफिसात आली. मेलेला उंदीर धरावा तशी. उशीवर एक लांब पांढरा केस होता आणि कापराच्या मलमाचा वास येत होता.

"या बिछान्यात कोणीतरी झोपलेलं आहे," ती म्हणाली.

आमची मॅनेजर ग्लेंडा तशी वाईट नाही. उशीर झाला, काही फुटलं, तर ती बोलत नाही. पण पाहुण्याला शिळा बिछाना ही एक गोष्ट तिच्याकडे माफ नाही. तिने त्या दोघांच्या समोरच फीनाला बोलावलं. "या पलंगाच्या चादरी बदलल्या होत्या का?"

फीनाने उशी हातात घेतली. तो वास ती पाळण्यात असल्यापासून ओळखते. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. ती म्हणाली, "नाही. माझी चूक झाली."

"उद्यापासून येऊ नकोस. पुढचं काय ते मी कळवीन."

उशीचा अभ्रा माझ्याकडे धुवायला आला. मी तो नाकाशी नेला आणि माझं डोकंच फिरलं. सकाळी कामावर जायच्या आधी तो पिशवीत घालून तडक एर्मिनियाच्या घरी गेले. ती टेबलाशी घेवडा निवडत होती. मी अभ्रा तिच्यापुढे टाकला.

"हा कोणाचा वास?"

तिने बघितलंच नाही. "मला काय माहीत? मलम काय गावात मी एकटीच लावते?"

"आणि पांढरा केस? तो माझा असेल!"

"मी पलंगावर झोपलेच नाही. खुर्चीत बसून होते."

"मेरी मातेच्या तसबिरीकडे बघून बोल की."

तसबीर तिच्या पाठीमागेच होती. ती वळली नाही. दाणे निवडणारी बोटं थांबली.

मी सगळं सांगितलं. उशी, डॅलसची बाई, फीनाला घरी बसवलं ते. "तिने तुझं नाव घेतलं नाही," मी म्हटलं.

एर्मिनियाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग ती इतक्या हळू बोलली, की मला पुढे वाकावं लागलं. "पहाटेच उठले. नॉर्मा झोपली होती. बिछाना बघितला आणि चोना, मला इतकी लाज वाटली. चुरगळलेली चादर, मलमाचे डाग, केस. म्हटलं, आता हे फीना बघणार. म्हणून घातला बिछाना. घडी मी मुद्दाम नाही घातली गं. हातांनी आपोआप घातली."

"बरं. आता चल, आणि हे ग्लेंडाला सांग."

"तिथे? सगळ्यांदेखत? मी पाहुणी म्हणून झोपले होते आणि ती घाण माझी, असं सांगू? ज्या ऑफिसात मी कधी मान खाली घातली नाही तिथे?"

"नको सांगूस. फीनाने घातलीय की मान खाली. तेवढं पुरे नाही का?"

मला एवढं टोचून बोलायला नको होतं, असं आता वाटतं. पण ती उठली. निळा झगा चढवला. माझ्या गाडीत बसली. लॉजपाशी उतरल्यावर सवयीने मागच्या दाराकडे वळली. मी कोपराला धरून तिला पुढे आणलं.

ऑफिसात नेमकं ते डॅलसचं जोडपं बॅगा घेऊन उभं होतं. मला वाटलं ही आता परत फिरणार. पण ती सरळ टेबलाशी गेली. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही. "मॅडम, त्या बिछान्यात मी झोपले होते. केस माझा. वास माझा. बिछाना मीच परत घातला आणि घडीही मीच घातली. फीनाची काही चूक नाही."

"कसली घडी?" ग्लेंडाने विचारलं.

मग ती घडीही सांगावी लागली. इतकी वर्षं आमची आमच्यातच असलेली गोष्ट तिने परक्यांसमोर टेबलावर मांडली. ग्लेंडा ऐकत राहिली. "पण एर्मिनिया, तुम्ही पाहुण्या होतात. बिछाना घातलातच कशाला?"

तिने मान खाली घातली, खरोखरच घातली. तेव्हा ती डॅलसची बाई ओशाळून पुढे आली आणि म्हणाली, "जाऊ द्या हो आता. पण काय सुरेख घातला होता बिछाना!"

त्या कौतुकाने एर्मिनियाच्या डोळ्यांत पाणी आलं. थोबाडीत मारली असती तरी आलं नसतं.

ग्लेंडाने लगेच फोन करून फीनाला बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत तिची क्षमा मागितली. नोकरी वाचली. मला वाटलं मिटलं. फीना माझ्या खोलीत आली, तिथे एर्मिनिया तिची वाट बघत बादलीवर बसली होती.

"मला माफ कर, पोरी."

फीनाने गरम टॉवेल घड्या घालायला घेतले. "नोकरी गेली असती तरी मी तुमचं नाव घेतलं नसतं," ती म्हणाली. "पण एक विचारू, माद्रीना? मला इथे आणलंत तेव्हा काय म्हणाला होतात? कामाची कसली लाज, असंच ना?"

"हो."

"परक्यांच्या चादरी मी रोज काढते. त्यांवर काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमची एक चादर काढली असती तर तुमचं काय झडलं असतं?"

एर्मिनिया मांडीवरच्या झग्याची सुरकुती हाताने सारखी करू लागली.

"म्हणजे लाज होतीच," फीना म्हणाली. "तुम्हाला पहिल्यापासून होती. माझ्या हातात झाडू दिलात, तेव्हा मला मात्र कामाची लाज नसते म्हणून सांगितलंत."

ती टॉवेलांची चळत उचलून निघून गेली. एर्मिनियाला काही म्हणावं, तर मला स्वतःचीच शरम वाटत होती. तिला बादलीवर बसलेली बघून मीच आयुष्यभर हसत आले होते.

त्यानंतर ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागली. फीना समोरून आली, की रस्ता बदलायची. मी दोनदा घरी गेले, तर दार उघडलं नाही. मधे काही दिवस ती नव्हती असं मी सुरुवातीला म्हटलं, ते हेच दिवस.

मग डोंगरावर थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस ती पुढच्या दाराने आली. एकटीच. नॉर्माला कळवलंसुद्धा नव्हतं. तीच खोली मागून घेतली.

सकाळी मी टोपली घेऊन मुद्दामच त्या बाजूने गेले. ती व्हरांड्यात खुर्चीत बसली होती, पाठ टेकून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

"हात का असे?"

"सोडले तर आत जातील," ती म्हणाली. "चोना, बिछाना तसाच टाकलाय गं मी. ब्लँकेट खाली पडलंय."

फीना चादरी-टॉवेलांची गाडी ढकलत आली. "शुभ सकाळ, सेन्योरा," ती म्हणाली, सगळ्या पाहुण्यांना म्हणते तशीच, आणि आत गेली. दार उघडंच होतं. चादर ओढल्याचा आवाज आला, मग झटकल्याचा. एर्मिनियाची मान, कान, सगळं लाल झालं होतं. ती समोरच्या डोंगराकडे डोळे लावून बसली. एकदा अर्धवट उठली. मग परत बसली.

फीना चादरींचा बोळा छातीशी धरून बाहेर आली. एर्मिनियाची नजर त्या बोळ्यावर गेली, आणि मग मोठ्या कष्टाने वर, फीनाच्या तोंडाकडे.

"मलमाचा वास येतोय ना गं?"

"येतोय," फीना म्हणाली. "फार येतोय, माद्रीना."

तिने बोळा माझ्या टोपलीत टाकला आणि ताजा बिछाना घालायला आत गेली. एर्मिनिया रडत होती, पण खुर्चीतून उठली नाही.