पहिली पसंती कुणाची

आत्याच्या डाव्या हातात, मनगटाच्या थोडं वर, एक मांजर राहायचं. म्हणजे आत्याच तसं म्हणायची. डायलिसिसच्या जाड सुया टोचता याव्यात म्हणून डॉक्टरांनी तिथे एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडून दिली होती. त्या जोडावर तळहात ठेवला की आत काहीतरी सतत गुरगुरत असायचं. रोज सकाळी ते गुरगुरतंय ना, एवढं तपासायला दवाखान्यानं तिला सांगितलं होतं. मी असले की ते काम माझं. "पाह्य बरं, जागं हाय का?" ती विचारायची.

मी हात ठेवायचे आणि काढायचा विसरायचे.

बारावी आणि सीईटी दोन्ही उरकून त्या उन्हाळ्यात मी रिकामी बसले होते. आम्ही अमरावतीला राहतो. बाबा बडनेऱ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत, आणि त्यांची ही थोरली बहीण अकोल्यात एकटी राहायची. आई-वडील लवकर गेले तेव्हा बाबांना तिनंच वाढवलं. शाळेत मास्तरीण झाली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत किडन्यांनी हात वर केले. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास मशीनला लागायचं होतं. सोबत कोण जाणार हा प्रश्न निघाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मला राग आला होता, हे कबूल करते. मैत्रिणी चिखलदऱ्याला जायचं ठरवत होत्या आणि मी डबा घेऊन बडनेऱ्याच्या फलाटावर उभी.

पण त्या प्रवासाची मला सवय लागली. पुढे तर मी त्याची वाट बघू लागले. खिडकीबाहेर नांगरून पडलेली काळी जमीन, तिच्यावर थरथरणारी हवा, मूर्तिजापूरला चढणारा काकड्यांचा वास. काटेपूर्णेच्या पुलावर गाडीचा आवाज बदलायचा, त्या आवाजानं मला जाग यायची आणि अकोला आलंच म्हणून समजायचं. झोप आणि जाग यांच्यातली ती दीड-दोन तासांची जागा माझी एकटीची होती. पुढं काय करणार, असं तिथे कुणी विचारत नव्हतं.

डायलिसिसच्या खोलीत सहा मशीनं होती आणि भिंतीत एक मोठा कूलर. वाळ्याचा वास, पाण्याची झरझर, पडद्यातून गाळून आलेला पिवळट उजेड. सहाही जण डोळे मिटून पडलेले. प्रत्येकाच्या उशाशी मशीनवर एक लहानसं चाक सावकाश फिरत असायचं आणि त्याच्याबरोबर नळीतलं रक्त पुढं सरकायचं. सुरुवातीला मी तिकडे बघत नव्हते. मग एका दुपारी बघत राहिले ती बघतच राहिले. चाक फिरतंय, लाल नळी रक्त गाळणाऱ्या पांढऱ्या नळकांड्यात शिरतेय, दुसऱ्या टोकानं बाहेर येतेय, आणि बाहेर येते ती थेट माझ्या आत्यात जाते. पेंगता पेंगता मला वाटायचं, आत्या कुठे संपते आणि मशीन कुठून सुरू होतं हे आता नेमकं सांगता येणार नाही. भीती नाही वाटली. उलट फार शांत वाटलं.

आत्याला असलं काही सांगितलं की ती हसण्यावारी न्यायची नाही. नोकरीची पहिली वर्षं तिनं शेंदूरजनाघाटला काढली होती. तिथे संत्र्याची रोपं जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधून करतात. ती म्हणाली, माझ्या हातात डॉक्टरांनी तेच केलं आहे, दोन वेगळ्या वाटा बांधून एक केल्या, आणि बांधणाऱ्याचा हात चांगला असला की झाड जगतं. एवढं बोलून ती झोपली. मी मात्र परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत त्या बांधणाऱ्या हाताचाच विचार करत आले.

मग एकदा आत्याचं मशीन बंद पडलं. तिची पाळी पुढच्या दिवसावर गेली, आणि त्या एका दिवसात तिचा चेहरा सुजला, धाप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून एक माणूस आला. त्यानं मशीनचं मागचं झाकण उघडलं आणि मी खुर्ची सोडून उठलेच. आत पाण्याच्या पारदर्शक नळ्या, झडपा, तारांचे जुडगे, सर्किटची हिरवी पाटी, सगळं दाटीवाटीनं पण नीट बसलेलं. त्यानं एक झडप बदलली, खूप वेळ पाणी फिरवून पाहिलं आणि चहा न घेताच गेला. हा बायोमेडिकल इंजिनिअर आहे, असं सिस्टरनं सांगितलं. हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते असं नाही, पण ते शब्द म्हणजे असा माणूस असतो हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी आत्याच्या चेहऱ्यावरची सूज उतरत गेली, श्वास संथ झाला, आणि मला काय व्हायचं ते मला कळलं. ते इतकं साधं होतं की मी आत्याशिवाय कुणाला सांगितलंच नाही.

त्यानंतरच्या दुपारी आम्ही कॉलेजं निवडण्यात घालवल्या. मी मोबाईलवर अभ्यासक्रम उघडायचे आणि वाचून दाखवायचे, आत्या डोळे मिटून ऐकायची आणि पेपर तपासावे तसे गुण द्यायची. बायोटेक्नॉलॉजी म्हणजे मोठाल्या टाक्यांत जंतू वाढवून औषधं करायची, हे तिला आवडलं, पण मला नाही. बायोलॉजिकल इंजिनिअरिंग नावाचं काहीतरी एका ठिकाणी होतं, त्यात पेशी आणि गणित दोन्ही होतं, पण माणूस कुठे दिसेना. एका कॉलेजच्या फोटोत नवी कोरी प्रयोगशाळा होती आणि तिच्यातली सगळी यंत्रं अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आत्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि शून्य दिलं. तिचा एकच प्रश्न असायचा, पोरांना दवाखान्यात मशीनजवळ किती दिवस नेतात? शेवटी बायोमेडिकलचं एक सापडलं. दूर होतं, एक अख्खा दिवस गाडीत जाणार होता, पण कॉलेजच्याच आवारात मोठा दवाखाना होता आणि दुसऱ्या वर्षापासून मुलं तिथे कामाला जायची. तिथल्या एका मुलीचा नंबर मिळवून मी बोलले. ती म्हणाली की इमारत जुनी आहे, मेस वाईट आहे, आणि मागच्या आठवड्यात तिनं स्वतःच्या हातानं ईसीजीचं मशीन जोडलं. आत्यानं दहापैकी नऊ दिले. दहा ती कुणालाच द्यायची नाही.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. तव्यावरची पहिली पोळी आमच्याकडे कुणी स्वतःच्या ताटात घेत नाही. बाबा लहान असताना आत्या आधी त्यांना वाढायची, मग स्वतः खायची. मोठे झाल्यावर बाबा ती पोळी तिच्या ताटात टाकू लागले, ती उचलून आईच्या ताटात टाकू लागली, आणि आईनं ती मला देऊन मलाही ती पुढं सरकवायला शिकवलं. आत्या घरी आली की पहिली पोळी चारही ताटं फिरून यायची आणि शेवटी गार होऊन डब्यात पडायची. आम्हाला याचा अभिमानच होता. स्वतःला आधी वाढून घेणारी माणसं आमच्या मते वेगळ्या जातकुळीची.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायच्या दोन दिवस आधी बाबा म्हणाले होते की अमरावतीतच कॉम्प्युटर शाखा मिळाली तर बरं होईल. एकदाच म्हणाले, जेवताना, ताटाकडे बघत. मी फॉर्म भरायला बसले. तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात, त्यातला पहिला रकाना समोर आला आणि माझा हात आपोआप थांबला. पहिली जागा आपली कशी असेल? मी तिथे बाबांचं कॉम्प्युटर टाकलं. मागच्या वर्षीचा कटऑफ माझ्या गुणांपेक्षा चांगलाच वर होता, म्हणजे ते मिळणारच नव्हतं. बाबांचा मान राहील आणि दुसऱ्या नंबरचं माझं कॉलेज मला मिळेल. फार हुशारी केली असं वाटून मी त्या दिवशी दोन वेळा चहा प्यायले.

त्या वर्षी कटऑफ उतरला. पहिल्याच फेरीत मला अमरावतीतलं कॉम्प्युटर मिळालं. आणि नियम असा, की पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की होते. घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर व्हायचं. हा नियम मी वाचला होता. पहिली पसंती म्हणजे खरोखरच आपली पसंती असते, असं धरून कुणी नियम करत असेल, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आईनं पेढे आणले. आधी पुढच्या खोलीतल्या बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवले, मग बाबांच्या हातावर. बाबा हसले, पण कसंनुसं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. स्वतःवर एवढी चिडले होते की बादलीला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

दुसऱ्या दिवशी आत्याची डायलिसिसची पाळी होती. बाबांनी सुट्टी टाकली आणि पेढ्यांचा डबा घेऊन माझ्यासोबत आले. गाडीत दोघंही बाहेर बघत होतो. खोलीत गेल्यावर आत्यानं पेढा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, लंगडणाऱ्या पायाकडे पाहिलं आणि पेढा परत डब्यात ठेवला. काय झालं ते नीट सांग, म्हणाली. सांगता सांगता मला पुन्हा रडू आलं. बाजूच्या खाटेवरच्या काकांनी डोळे उघडले आणि सभ्यपणे पुन्हा मिटून घेतले.

बाबांनी पेढ्यांचा डबा बंद करून खाटेच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "मले कुठं पाह्यजे होतं कॉम्प्युटर? तुले घराजवळ राहून आत्याकडे येता येईन, म्हणून बोललो म्या."

"अन् मी तुमच्यासाठी लिवलं, बाबा."

आत्या बाबांकडे बघत उशीवर जरा वर सरकली. एका हातात सुया होत्या म्हणून तिनं दुसरा हात हलवला. "अन् माह्यासाठी पोरगी घरी बसवाची, हे मले कोनं इचारलं? मी तुले आधी वाढो तवा तुले भूक राहे. इथं कोनाले भूक हाय? पहिली पोळी पुन्हा थंडी करून राहिले तुमी."

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या. मग ते एवढंच म्हणाले, "सोड ते कॉम्प्युटर."

सोडलं. पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून मी बाहेर पडले. आता शेवटी त्या दूरच्या कॉलेजात एखादी जागा रिकामी राहिली तरच काही होणार होतं, नाहीतर वर्ष वाया. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत होता, तो केला. त्यात शाखा लिहायला एकच रकाना होता. मी तिथे कुणाचाही मान ठेवला नाही.

ते आठवडे कसे गेले ते मला धड आठवत नाही. गाडीबाहेर कपाशी वितभर वर आली होती आणि पुलाखालून गढूळ पाणी वाहत होतं. मी तशीच जात-येत राहिले. आत्याच्या हातावर हात ठेवून बसायचे, आत ते गुरगुरायचं, आणि मला वाटायचं की मी अजून झोपेतच आहे, जाग आली की कळेल काय ते. यादी लागली त्या दुपारीही आम्ही त्याच खोलीत होतो. मोबाईलवर ती उघडेपर्यंत चाकाचे किती फेरे झाले देव जाणे. बायोमेडिकलच्या तीन जागा रिकाम्या राहिल्या होत्या. माझं नाव तिसरं होतं.

निघायच्या दिवशी गाडी अकोल्याहून होती, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच आत्याकडे मुक्कामाला आलो. सकाळी ती ओट्याशी स्टूल घेऊन बसली, लाटायला माझी आई आणि भाजायला ती. तव्यावरची पहिली पोळी टम्म फुगली. तिनं ती चिमट्यानं उचलली आणि माझ्या ताटात टाकली. सवयीनं मी ती उचलून बाबांच्या ताटाकडे नेली, तर बाबांनी ताट मागे ओढून घेतलं. आईनंही आपल्या ताटावर पालथा हात धरला.

"खाय," आत्या म्हणाली.

मी तुकडा मोडला. पहिली पोळी इतकी गरम असते हे मला अठरा वर्षांत माहीत नव्हतं. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिघंही माझ्याकडे बघत असताना मी ती अख्खी खाल्ली.